गोरोबाकाकांच्या अंगणातील चिखल

गोरोबाकाकांचे चरित्र आपण वारकरी लहानपणापासून ऐकत आलो. कीर्तनाच्या उत्तररंगात ते लागले म्हणजे मंडपातला माणूस जागचा हलत नाही. चिखल, लेकरू, शपथ, तुटलेले हात आणि पंढरीत पुन्हा फुटलेले हात, एवढे बुवांनी रंगवून सांगितले की आरती होते आणि मंडळी आपापल्या घरी जातात. पण चरित्राचा अभ्यास करावयाचा म्हणजे प्रसंग ऐकून भागत नाही. ज्या अंगणात तो घडला ते अंगण पाहावे लागते. कुंभाराचे घर कसे चालते, माती कोण आणतो, पाणी कोण भरतो, मडक्यावर रेघ कोण ओढतो आणि हे सारे चालले असता घरातले रांगते मूल असते कुठे, हे ज्याला ठाऊक नाही त्याने ह्या कथेतले निम्मे ऐकलेच नाही असे समजावे. म्हणून ह्या पाठात आधी अंगण पाहू आणि मग कथेकडे येऊ.

काकांचे गाव तेर. हे धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी आहे. परंपरा काकांचा काळ शके ११८९ ते १२३९, म्हणजे इ. स. १२६७ ते १३१७ असा मानते. चैत्र वद्य त्रयोदशी ही त्यांची पुण्यतिथी. ज्ञानदेव-नामदेवांच्या मेळ्यात ते वयाने वडील, म्हणून सगळ्यांचे 'काका'. पण तेरची माती काकांहूनही पुष्कळ जुनी कीर्तीची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषेतील प्रवासपुस्तकात 'तगर' नावाच्या पेठेचा उल्लेख येतो, ते हेच तेर. तेथील वस्तुसंग्रहालयात सातवाहनकालीन भाजक्या मातीच्या मूर्ती व भांडी मांडून ठेवलेली आहेत. काकांच्या जन्मापूर्वी हजार-बाराशे वर्षे त्या काठी कोणीतरी माती मळत होते, भाजत होते. काकांचे चाक म्हणजे फार जुन्या ओळीतले एक चाक होय.

आता कुंभाराचे काम पाहू. आपण चाक पाहतो आणि म्हणतो, हेच कुंभारकाम. वस्तुतः चाकावरचे काम सगळ्यांत थोड्या वेळाचे. त्याआधी तळ्याचा, ओढ्याचा गाळ खणून आणायचा, वाळवायचा, ढेकळे फोडायची, चाळायचे. त्यात घोड्याची लीद, राख, कोठे बारीक वाळू कालवायची. लीद कशाला, असे शहरातला श्रोता नाक मुरडून विचारील. लिदीतल्या बारीक काड्या आव्यात जळून जातात आणि मडक्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे राहतात. त्या छिद्रांतून पाणी झिरपते, वाऱ्याने उडून जाते, आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. वैशाखात माठातले पाणी गार लागते ते ह्या लिदीच्या आणि राखेच्या पुण्याईने. असो.

मग ती माती भिजत घालायची आणि तुडवायची. हा 'चिखल तुडवणे' प्रकार नीट समजून घ्यावा, कारण आपली कथा तेथेच घडते. तुडवणारा मधोमध उभा राहतो आणि टाचेने दाबत दाबत गोल फिरत कडेला येतो. पुन्हा सारे गोळा करतो, पुन्हा फिरतो. हे एकदा नव्हे, अनेकदा. ह्या तुडवण्याचे दोन हेतू. एक, मातीत कोंडलेली हवा निघून ती सगळीकडे सारखी व्हावी. आणि दुसरा हेतू असा की मातीतला खडा पायाला लागावा. चुनखडीचा तुरीच्या डाळीएवढा खडा राहिला तरी तो मडक्याचा घात करतो. आव्यात त्याचा कळीचा चुना होतो, पुढे हवेतला ओलावा पिऊन तो फुगतो आणि भाजून निघालेल्या धडधाकट मडक्याचा टवका उडवतो. म्हणून कुंभार तुडवता तुडवता थांबतो, वाकतो, चिखलात दोन बोटे घालतो आणि एवढासा खडा काढून बाजूला फेकतो. कुंभाराचे डोळे त्याच्या तळपायात असतात म्हणतात, ते उगीच नव्हे.

चाकावर घडलेले मडके जाड असते. सुताने कापून ते उतरवतात, थोडे सुकू देतात, आणि मग खरी घडण सुरू होते. डाव्या हातात दगडाचा गुळगुळीत गोळा घेऊन तो हात मडक्याच्या आत घालायचा आणि उजव्या हातातल्या लाकडी थापटण्याने बाहेरून ठोकायचे. माती चिकटू नये म्हणून वरचेवर राख लावायची. ठोकता ठोकता अंग पातळ होते, बूड भरून येते, पोट गोल होते. नंतर सावलीत वाळवण, गेरूचा किंवा कावेचा हात, घोटणी, आणि शेवटी आवा. मडकी रचायची, मधून मधून गोवऱ्या, काटक्या, पाचट, भुसा भरायचा, वरून फुटकी खापरे आणि राख यांचे पांघरूण घालायचे आणि विस्तव द्यायचा. माती साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापली म्हणजे तिच्यात मुरलेले पाणी कायमचे निघून जाते. मग ती पुन्हा चिखल होत नाही. त्या अलीकडे असेल तर कितीही सुबक मडके पाण्यात ठेवले की विरघळून जाते. 'कच्चे' आणि 'पक्के' हे दोन शब्द संतांच्या तोंडी वारंवार येतात. त्यांचा कुंभाराच्या घरचा अर्थ हा एवढा नेमका आहे.

ह्या सगळ्यात चाकावर बसणारा पुरुष एक. बाकीचे कोण करते? एका जाणत्या कुंभारीणबाईंना मी हे विचारले. त्या हसून म्हणाल्या, "बुवा, चाक त्यांचं. बाकीचं समदं माझं." आणि मग बोटे मोडून सांगू लागल्या. माती डोक्यावरून आणायची, लीद कुटून चाळायची, पाण्याच्या खेपा घालायच्या, कच्ची मडकी उन्हात-सावलीत हलवायची, गेरू लावायचा, रंगवायची, गोवऱ्या थापायच्या, आवा रचताना हाताखाली द्यायचे, आणि भाजून निघाली की पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जायचे. मध्ये भाकरी, धुणे, गुरे, लेकरे. कुंभारांच्या कित्येक घरी बाईने चाकाला हात लावू नये असा दंडक होता. तेवढे सोडून मडक्याच्या जन्मापासून बाजारापर्यंत तिचाच हात. बारा बलुतेदारांत कुंभाराचे नाव लागले, सुगीत खळ्यावर बलुते त्याच्या नावाने मोजले गेले. पण ते एका घराचे बलुते होते, एका माणसाचे नव्हे.

एवढे अंगण पाहिल्यावर आता कथेकडे वळू.

महिपतीबुवा ताहराबादकरांनी शके १६८४, म्हणजे इ. स. १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजय' ग्रंथात हे चरित्र विस्ताराने सांगितले आहे, आणि बहुतेक कीर्तनकार त्याच वाटेने जातात. काका चिखल तुडवीत आहेत, मुखाने विठ्ठलनाम चालले आहे. पत्नी संती मुलाला अंगणात ठेवून, लक्ष ठेवा म्हणून सांगून पाण्याला जाते. मूल रांगत बापाकडे येते. काकांचे देहभान हरपलेले. ते मूल त्या चिखलात तुडवले जाते आणि त्यांना कळतही नाही.

येथे प्रामाणिक श्रोत्याच्या मनात एक शंका येते. ती येऊ द्यावी, दडपू नये. ज्या पायाला तुरीच्या डाळीएवढा खडा कळतो, त्या पायाला पोटचे लेकरू कळले नाही? आणि हे घडले ते नामस्मरणात! मग नामाने घर राखावे की मोडावे?

काही बुवा ह्या जागी झपाट्याने पुढे जातात. देवाची लीला होती, भक्ताची परीक्षा होती, पुढे मूल जिवंत झालेच, तेव्हा शोक कशाचा, असे म्हणून टाळ वाजवतात. श्रद्धेच्या दृष्टीने ते खोटे नाही. पण मंडपात बसलेल्या आयांच्या डोळ्यांकडे पाहावे. काकांच्या समाधीने त्यांचे डोळे भरत नाहीत. संती घागर घेऊन परत येते आणि लेकरू शोधू लागते, तेथे भरतात. ज्या शंकेने बाईच्या डोळ्यांत पाणी येते ती टाळाच्या आवाजात बुडवणे मला तरी बरे वाटत नाही.

समाधान शोधताना प्रथम हे लक्षात घ्यावे की परंपरेने ही गोष्ट लपवली नाही. आपल्या संतांचे चरित्र सांगताना आपणच सांगितले की ह्या थोर भक्ताच्या पायाखाली त्याचे मूल गेले. महिपतीबुवांनी मातेच्या आकांताला जागा दिली. ती नवऱ्याला बोलते, त्याच्या भजनाला बोलते, आणि ग्रंथकार तिला गप्प बसवीत नाही. काका रागाने तिच्यावर धावून जातात तेव्हा ती विठोबाची आण घालते की मला शिवू नका. म्हणजे पाहा, देहभान हरपलेल्या माणसालाही राग आला! समाधीतून उतरलेला माणूस लगेच नवरेपणाच्या रागात उतरतो. ही कथा खरोखर जाणत्या माणसाने जपलेली आहे. ती काकांना देव्हाऱ्यात बसवून सांगत नाही.

दुसरे असे की त्या आणेचे काका पालन करतात, आणि ते पालनही घराला जडच जाते. वंश चालावा म्हणून संती आपल्या बहिणीला, रामीला, सवत म्हणून आणते. सासरे सांगतात, दोघींना सारखे वागवा. काका तो शब्दही अक्षरशः धरतात आणि दोघींनाही अंतर देतात. पुढे एका रात्री झोपेत हात अंगाला लागले म्हणून काका ते हातच तोडून घेतात. कुंभाराचे हात! चाक थांबले, थापटणे थांबले, आवा थंडावला. घरात दोन बाया आणि हात नसलेला कर्ता. भक्तीचा वारा अंगात भरला आणि घराचे भान सुटले म्हणजे काय काय होते, ते कथा एकामागून एक दाखवीत जाते.

आणि अशा वेळी पांडुरंग काय करतो? तो काकांना उचलून वैकुंठाला नेत नाही. परंपरा सांगते की तो स्वतः कुंभाराचा वेष घेऊन त्यांच्या घरी येतो आणि राबू लागतो. माती आणतो, मळतो, मडकी घडवतो, बाजारी विकतो. काही कथनांत रखुमाईही कुंभारीण होऊन संगे येते, आणि ते मला फार मार्मिक वाटते. वर आपण पाहिलेच की कुंभारकाम एकट्याने होत नाही, देवालासुद्धा नाही. ज्या अंगणात भक्ताचे लक्ष सुटले, त्या अंगणात लक्ष द्यायला देव येऊन बसला. मडके बिघडू नये, घर उपाशी राहू नये, ह्याची काळजी त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतली.

शेवटी पंढरपुरात नामदेवरायांचे कीर्तन. टाळीसाठी सगळ्यांचे हात वर गेले, काकांनीही थोटे हात उचलले, आणि त्यांना हात फुटले. संतीच्या आर्त हाकेला ते मूलही रांगत आले. काकांचा प्रपंच पुन्हा जोडला गेला आणि ते तेरला, आपल्या चाकाकडे परतले. कथेचा शेवट संन्यासात होत नाही, हे अभ्यासकाने विसरू नये. हात मिळाले ते पुन्हा चिखलात घालण्यासाठी.

मग त्या शंकेचे उत्तर काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे असे. नाम घेता घेता पायाचे भान राहणे, हाच वारकरी पंथाचा अभ्यास होय. जनाबाई दळताना नाम घेते, पण पीठ जाडेभरडे पडू देत नाही. सावतोबा मळ्यात विठ्ठल पाहतात, पण मोटेचे पाणी चुकीच्या वाफ्यात जाऊ देत नाहीत. काकांनीही तसाच जन्मभर अभ्यास केला. एका दिवशी दोर सुटला. त्या एका दिवसाला आपण भक्तीचा कळस म्हणून मिरवू लागलो तर घरातले काम टाकून टाळ कुटणाऱ्या आळशाला आयतेच निमित्त मिळेल, आणि अशी माणसे प्रत्येक गावात दोन-चार असतातच. उलट त्या दिवसाला नुसते पाप म्हणून बोट दाखवले तर ज्याला देवाचा असा वेध लागला त्या माणसाची उंची कळत नाही. कथा दोन्ही धरते. आपणही दोन्ही धरून सांगावी.

काकांच्या नावाशी जोडलेला दुसरा प्रसंग थापटण्याचा. संतमंडळी जमली असता मुक्ताईने विचारले, काका, हे काय? काका म्हणाले, थापटणे. याने मडके कच्चे की पक्के ते पाहतो. मग ज्ञानदेवांच्या सांगण्यावरून त्यांनी प्रत्येकाच्या मस्तकी थापटणे मारले. सगळे शांत बसले. नामदेव मात्र कळवळले, रागावले, आणि काकांनी निर्णय दिला की हे मडके कच्चे. पुढे नामदेवराय औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले, इत्यादी कथा प्रसिद्धच आहे.

येथेही कुंभाराच्या घरची एक बारीक गोष्ट आहे. भाजलेल्या मडक्याची परीक्षा थापटण्याने करीत नाहीत. बोटाच्या पेराने करतात. बाजारात माठ घेताना आपल्या आया-बहिणी वाजवून पाहतात तशी. पक्के असेल तर खणखणते, चीर गेली असेल तर बद्द वाजते, कच्चे असेल तर आवाज मातीतच मुरतो. करून पाहावे. थापटणे हे अर्ध्या ओल्या मडक्यावर चालवायचे हत्यार. ते परीक्षेचे नव्हे, घडवण्याचे. आणि ते चालते तेव्हा दुसरा हात आतून आधार द्यायला असतो. बाहेरून मार, आतून हात, ही गुरुकृपेची खूण कबीरांच्या दोह्यांतही आली आहे. म्हणून काकांनी नामदेवांना मारले ते नापास करण्यासाठी, असा अर्थ काढणे कुंभाराच्या घरी पटणारे नाही. कच्चे मडके कुंभार फेकून देत नाही. त्याला आवा दाखवायचा असतो. आव्याचा पत्ता मिळाला तो औंढ्याला.

आणखी एक पाहा. जे मडके भाजून मग फुटले, त्याचेही खापर वाया जात नाही. नव्या मडक्यांचा आवा रचला की त्यांच्या पाठीवर तीच जुनी खापरे पांघरतात, म्हणजे जाळ आत राहतो आणि वारा लागून नवी मडकी तडकत नाहीत. काकांसारख्या पोळलेल्या वडील माणसाला संतांच्या मेळ्यात परीक्षकाचा मान का मिळाला, ते मला ह्या खापरांकडे पाहून थोडे कळते.

आता मडक्यावरच्या रेघेकडे येऊ. कुंभाराच्या अंगणात घडणे आणि रंगवणे ही दोन वेगळी दुकाने नाहीत. संक्रांत जवळ आली की सुगडांचा ढीग पडतो. आपल्या घरी सुवासिनी त्यावर हळदीकुंकवाची बोटे ओढतात, आत ऊस, बोरे, हरभरा, तीळगूळ भरतात आणि वाण देतात. लग्नाच्या बहुल्याच्या चार कोपऱ्यांना रंगवलेल्या मडक्यांच्या उतरंडी लागतात, घटस्थापनेला घट लागतो, अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याचे भांडे लागते. आणि माणूस गेला की खांद्यावरचे मडकेही त्याच अंगणातून येते. लग्नाच्या मडक्यांवर चुन्याची पांढरी बैठक देऊन त्यावर लाल, पिवळ्या, हिरव्या वेली, पाने, ठिपके ओढतात. हे बहुधा कुंभारीण ओढते. काडीला चिंधी गुंडाळली की झाला कुंचला. एका मांडीवर लेकरू, दुसऱ्या मांडीवर मडके, आणि डावा हात मडके फिरवतोय. मघाच्या बाईंना विचारले, मूल रंगात हात घालीत नाही का? "घालतंय की," त्या म्हणाल्या. "मग त्याचं बोट उठलं तिथं फूल काढायचं." चित्रकलेच्या शाळेत हा धडा मिळेल असे वाटत नाही.

घरच्या कामात बसून, गाणे म्हणत, चित्र काढणाऱ्या बायांची आणखी एक थोर परंपरा आपल्याच महाराष्ट्रात आहे. ती पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-जव्हारकडच्या वारली समाजाची. ते वारकरी नव्हेत. त्यांचे देव निराळे, विधी निराळे. आपल्या पंथाचा शिक्का त्यांच्यावर मारण्याचे कारण नाही. पण ह्या पाठाला त्यांचा उजेड लागतो म्हणून थोडे सांगतो. त्यांच्या घरच्या कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपून त्यावर गेरूचा हात देतात. लग्न निघाले की सवाशिणी तांदूळ भिजवून वाटतात, त्याचे पांढरे पाणी करतात, बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ करतात आणि भिंतीवर चौक काढतात. चौकाच्या मधोमध पालघट देवी. भोवती झाडे, जनावरे, भात कांडणाऱ्या बाया, नाचणारी माणसे. दोन त्रिकोण जोडले की माणूस होतो. धवलेरी नावाची लग्न लावणारी बाई गाणी म्हणते. चौकावाचून लग्न पुरे होत नाही. हे सारे लग्नघरात, पाहुण्यांच्या आणि पोरांच्या वर्दळीत चालते. मागे गाणे, हातात काडी, पायाशी लेकरू. गाणे चालले म्हणून रेघ ढळत नाही. नाम आणि पायाचे भान म्हणून जे मी वर म्हटले, ते काय असते, हे डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर अशा भिंतीपाशी उभे राहावे.

ह्या बायांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. १९७० नंतर वारली चित्र भिंतीवरून कागदावर आले, शहरात गेले, विकले जाऊ लागले. गंजाड गावचे जिव्या सोमा मशे ह्यांनी ते जगभर नेले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते वारले. फार मोठा कलावंत. त्यांच्या मोठेपणाला उणेपणा आणण्याचा हेतू नाही. पण चित्र विकाऊ झाले तेव्हा नाव पुरुषाचे आले, आणि भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी चौक काढले त्यांची भिंत पुढच्या लिंपणात झाकली गेली, हे नोंदवून ठेवावेसे वाटते. संतीचेही असेच नव्हे काय? काकांचे अभंग आपण जपले. तिने वाहिलेल्या पाण्याने जी मडकी घडली, त्यांतले एकही शिल्लक नाही, आणि तिच्या तोंडचे जे आहे ते त्या एका दिवसाच्या आकांतापुरते. म्हणून कीर्तनकार बंधूंना माझी एक विनंती आहे. काकांचे आख्यान लावाल तेव्हा संतीच्या तोंडचे बोलणे कापू नका. वेळ कमी असेल तर दुसरे काहीतरी कापा.

आज कुंभाराच्या घरी पुष्कळ बदलले. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभारांना विजेची चाके देण्याची योजना चालवली. त्यामुळे दांड्याने चाक गरगरा फिरवण्याचे कष्ट वाचले, आणि बाईने चाकाला शिवू नये हा दंडकही कोठे कोठे आपोआप सैल झाला. बटण दाबायला कोण अडवणार? हे चांगलेच झाले. दुसरीकडे प्लॅस्टिकने आणि स्टीलने रांजण-घागरींचा बाजार खाल्ला, तळ्याचा गाळ मिळेनासा झाला, घोडे कमी झाले तशी लीदही महागली. पोरे शिकून नोकरीला गेली. त्यात रडण्यासारखे सगळेच आहे असे नाही, पण आवा पेटवणारी घरे गावोगाव कमी होत चालली आहेत ही गोष्ट खरी.

एक गोष्ट मात्र बदललेली नाही. पाऊस लागला की मडकी वाळत नाहीत आणि उघड्यावरचा आवा पेटत नाही. चाक भिंतीला टेकवून ठेवतात. आषाढी नेमकी त्याच दिवसांत येते, म्हणून दिंडीत कुंभाराचा माणूस मोकळ्या मनाने चालताना दिसतो. परत आल्यावर पोळ्याचे बैल करायचे असतात. ते भाजायचे नसतात, नुसते वाळवून रंगवायचे. म्हणून ते काम पोरांकडे असते. अंगणात, ओसरीवर, जेथे कोरडी जागा मिळेल तेथे पोरे बसतात आणि चिखलाचे बैल करतात. कोणाचे शिंग वाकडे होते, कोणाचे वशिंड कलते, एखाद्याला तर तीनच पाय जमतात. कुंभारीण ते मोडून पुन्हा करीत नाही. चौथ्या पायाच्या जागी मातीचा गोळा लावते, बैल वाळला की वर चुन्याचा हात देते, गेरूने झूल काढते, आणि पाटीत सगळ्यांत पुढे ठेवते.